अंगठीला चेष्टा कळते का?

बोटात अंगठी घालायची आणि नुसतं बोट हलवून दिवा, टीव्ही, मोबाईल, उद्या कदाचित कारखान्यातलं यंत्रही चालवायचं, अशा उपकरणांवर आज टीका करायची आहे. टीका म्हणजे झोडपणं नव्हे. वस्तू काय वचन देते आणि ते तिला पाळता येतं का, हे तपासणं. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, इलेक्ट्रॉनिक्स नाही. पण या अंगठीची खरी अडचण सर्किटातली नाहीच, म्हणून बोलतो आहोत.

प्रणव मिस्त्री हे नाव तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. पवईच्या आयआयटीत औद्योगिक डिझाइन शिकून ते अमेरिकेत एमआयटीला गेले आणि 2009 मध्ये म्हैसूरला त्यांनी 'सिक्स्थ सेन्स' दाखवलं. गळ्यात कॅमेरा, सोबत छोटा प्रोजेक्टर, आणि बोटांच्या टोकांना तांबडी, पिवळी, हिरवी, निळी टोपणं. बोटांची चौकट केली की फोटो निघायचा. सभागृह भारावून गेलं आणि तसं होणं साहजिक होतं. पण व्यासपीठावर हात दाखवण्यासाठीच हलतो. कॅमेरा तर चार रंग शोधत होता. आपल्याकडच्या रंगपंचमीला त्याची काय त्रेधा उडाली असती! आणि रंगपंचमी सोडा, एरवीही माणूस डोकं खाजवतो, माशी हाकलतो, बोलताना हातवारे करतो. यातली आज्ञा कुठली?

2014 मध्ये कोचीच्या एका तरुण चमूने 'फिन' नावाची अंगठी मांडली. ती अंगठ्यात घालायची, आणि अंगठ्याने बोटांच्या पेरांना स्पर्श करायचा. प्रत्येक पेर म्हणजे एक बटण. या कल्पनेचं आम्हाला कौतुक आहे, कारण ती आपल्या हाताची आहे. चार बोटांची बारा पेरं अंगठ्याने मोजत जप करणारी आजी आपण पाहिलेली आहे, तसाच हिशोब करणारा भाजीवालाही. म्हणजे हात आधीच तयार होता. पण गंमत बघा, तो तयार होता म्हणूनच घोटाळा होतो. आजी जप करते आहे की टीव्हीचा आवाज वाढवते आहे, हे अंगठीने कसं ओळखायचं? स्पर्श तोच, पेर तेच.

इथे आमचा विषय येतो. विट्गेन्श्टाइनने विचारलं होतं की मी हात वर करतो, यातून हात वर जातो एवढं वजा केलं तर बाकी काय उरतं? आपल्या न्यायसूत्रांत शरीराला चेष्टेचा आश्रय म्हटलं आहे. तिथे चेष्टा म्हणजे नुसती हालचाल नव्हे. काही मिळवण्यासाठी किंवा काही टाळण्यासाठी केलेली क्रिया. पुढे मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा झाली, तो भाग वेगळा. अंगठीतला सेन्सर हालचाल मोजतो, आणि ती फार बारकाईने मोजतो. चेष्टा त्याला मोजता येत नाही. सेन्सर आणखी अचूक केला म्हणून हे अंतर मिटेल, असं आम्हाला वाटत नाही.

डिझाइन करणाऱ्यांना हे कळत नव्हतं असं नाही. जपानच्या लॉगबार कंपनीच्या 'रिंग'मध्ये आधी अंगठीच्या कडेला स्पर्श करायचा, मग हवेत आकृती काढायची. म्हणजे 'आता मी आज्ञा देतो आहे' हे वेगळं सांगायचं. विचार बरोबर होता. वस्तू मात्र जाडजूड निघाली, आकृत्या ओळखण्यात चुकायची, आणि परीक्षकांनी तिला धुऊन काढलं. 2024 च्या सॅमसंगच्या अंगठीने हावरेपणा सोडला. अंगठा आणि तर्जनी दोनदा जुळवली की फोनवर फोटो निघतो किंवा गजर बंद होतो. बस. हा संयम चांगला आहे. पण भाकरीचा घास मोडताना अंगठा आणि तर्जनी जुळतातच की. तेवढ्यापुरतं ते बंद ठेवा, असं उत्तर येईल. चालेल, पण मग अंगठी माणसाच्या सवयी शिकत नाही, माणसानेच तिच्या शिकायच्या.

बोटात घालून दुसरं काही चालवायचं, हे आपल्याला नवं नाही. शिंप्याचं अंगुस्तान घ्या. सतारियाची नखी, म्हणजे मिजराब घ्या. सतार घडवणारं मिरज इथून जवळच. तारेचं ते एवढंसं वेटोळं तर्जनीत बसतं. चुकीचा आघात झाला तर तार त्याच क्षणी सांगते, कानाला आणि बोटालाही. अंगुस्तानाखालच्या बोटाला सुईचा रेटा कळतो. हवेत फिरणाऱ्या बोटाला असं कोण सांगणार? अंगठी थरथरवून उत्तर देता येतं, पण ते 'पोचलं' एवढंच सांगतं. किती पोचलं, कसं पोचलं, ते नाही.

आता उचगावात बसून हे बोलायचं तर कारखान्याशिवाय बोलता येणार नाही. एका बाजूला गोकुळ शिरगावची एमआयडीसी, दुसरीकडे उद्यमनगर. लेथवर उभं राहण्यापूर्वी अंगठी काढायची, हे कुठलाही जुना कामगार नव्या पोराला पहिल्या दिवशी सांगतो. फिरत्या जॉबमध्ये अंगठी अडकली तर बोट जातं. आणि पॉवर प्रेसवर दोन बटणं मुद्दाम लांब बसवतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच प्रेस खाली येतो, म्हणजे हात साच्याखाली राहू शकत नाहीत. तिथे आज्ञा देणं मुद्दाम कष्टाचं केलेलं आहे, आणि त्या कष्टातच बोटं शाबूत राहतात. अंगठीची सारी जाहिरात कष्ट नाहीसे करण्याची. घरात दिवा चुकून लागला तर हसून सोडता येतं. यंत्रावर तसं नाही. अपघात झालाच तर नोंदीत लिहिलं जाईल, 'कामगाराने इशारा दिला.' त्याने दिला नव्हता, त्याचा हात नुसता हलला होता, हे तो कशाने सिद्ध करणार? अंगठी तर इशारा आला म्हणून साक्ष देईल. अशा अंगठीला यंत्राजवळ जागा देऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

हीच टीका सरसकट मात्र लागू नाही. ज्याचं एखादंच बोट हलतं, अशा माणसाला पंखा लावण्यासाठी दर वेळी कुणाला तरी हाक मारावी लागते. त्याच्यासाठी दहातली दोन चुकणारी अंगठीही मोलाची, कारण पंखा कधी लावायचा हे तो स्वतः ठरवतो. एमआयटीच्याच 'फिंगररीडर'मध्ये बोटावर कॅमेरा आहे. दृष्टिहीन माणूस छापील ओळीवरून बोट फिरवतो, तो शब्द वाचून दाखवतो आणि बोट ओळीवरून सरकलं तर कंप देऊन कळवतो. इथे मिजराबीची आठवण होते, बोटाला उत्तर मिळतं.

आपल्या भागातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुलं असे प्रकल्प करतात, त्यांना एकच सुचवू. प्रयोगशाळेच्या टेबलाशी चाचणी घेऊन थांबू नका. अंगठी घालून मिसळ खायला बसा, मित्रांशी राजकारणावर भांडा, आणि तेवढ्या वेळात दिवा आपोआप किती वेळा लागला ते वहीत मांडा.