रोग थांबला म्हणजे आयुष्य वाढले का?

कर्करोगावरच्या नव्या औषधाची बातमी बहुधा एका ठरावीक साच्यात येते. औषधाने रुग्णांना 'दुप्पट काळ' मिळाला, असे मथळ्यात म्हटलेले असते. वाचणारा समजतो की रुग्ण दुप्पट जगले. मूळ शोधनिबंध उघडून पाहिला तर पुष्कळदा तिथे आयुष्याची गोष्टच नसते. दुप्पट झालेला असतो तो 'प्रोग्रेशन-फ्री सर्व्हायव्हल' नावाचा एक काळ. हा काळ म्हणजे नेमके काय, तो कसा मोजतात आणि त्यावर किती भिस्त ठेवावी, याची तपासणी आम्ही येथे करणार आहोत. मध्यक आणि संभाव्यता शिकवणाऱ्या शिक्षकांना यात वर्गात नेण्याजोगे बरेच काही सापडेल.

आधी शब्दाबद्दल. याचे भाषांतर काही जण 'प्रगतिमुक्त जगणे' असे करतात. ज्या शाळेत मुलांना प्रगतिपुस्तक मिळते तिथे या शब्दाने घोटाळाच व्हायचा! येथे वाढतो तो रोग. म्हणून आम्ही 'वाढविरहित काळ' असा शब्द वापरतो. रुग्णाची चाचणीत नोंद झाली त्या दिवसापासून रोग वाढल्याचे आढळेपर्यंत, किंवा त्याआधी कोणत्याही कारणाने मृत्यू आला तर तोपर्यंत, गेलेला काळ म्हणजे वाढविरहित काळ.

या व्याख्येतला 'आढळेपर्यंत' हा शब्द महत्त्वाचा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या वाचकांना हे कपाशीवरून चटकन कळेल. गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत असते आणि बोंड बाहेरून धडधाकट दिसते. अळी शिरली त्या दिवशी शेतकऱ्याला काहीच कळत नाही. तो वीस हिरवी बोंडे तोडून फोडतो, त्यांतल्या दोनांत अळी दिसली की दहा टक्के प्रादुर्भाव झाला असे धरतो आणि फवारणीचा निर्णय घेतो. आता दर आठवड्याला बोंडे फोडणारा आणि महिन्याने एकदा फोडणारा असे शेजारी-शेजारी दोन शेतकरी घ्या. अळी दोघांकडे एकाच दिवशी आली तरी त्यांच्या वहीतल्या तारखा निराळ्या असतील. एखाद्याने महिनाभर बोंडच फोडले नाही, तर त्याचे शेत कागदावर महिनाभर 'अळीविरहित' राहील.

कर्करोगाच्या चाचणीतही असेच चालते. रुग्णाचा स्कॅन ठरावीक अंतराने काढतात आणि वाढ ही दोन स्कॅनच्या मधे कधीतरी होते. समजा खरी वाढ सव्वादोन महिन्यांनी झाली. दर दोन महिन्यांनी तपासणी असेल तर ती चौथ्या महिन्यात सापडेल, दर तीन महिन्यांनी असेल तर तिसऱ्यात, आणि सहा महिन्यांनी असेल तर सहाव्यात. पुष्कळ रुग्णांची सरासरी घेतली तर विरळ तपासणीत वाढ उशिरा सापडते. म्हणून एका गटाचे स्कॅन दुसऱ्यापेक्षा विरळ झाले, तर औषधात काही दम नसतानाही त्या गटाचा वाढविरहित काळ लांबलेला दिसेल.

शिवाय 'वाढ' कशाला म्हणायचे हाही करारच आहे. आज सर्वत्र चालणाऱ्या रेसिस्ट नियमांनुसार (त्यांची सुधारित आवृत्ती २००९ साली आली) निवडलेल्या गाठींच्या व्यासांची बेरीज, आधी नोंदलेल्या सर्वांत लहान बेरजेपेक्षा २० टक्क्यांनी आणि किमान ५ मिलिमीटरने वाढली, किंवा नवी गाठ दिसली, तर वाढ झाली असे धरतात. म्हणजे ४० मिलिमीटरची बेरीज ४७ झाली तर रोग 'स्थिर' आणि ४८ झाली तर 'वाढला'. कुठेतरी रेघ ओढावीच लागते, हे मान्य. पण फिल्मवर पट्टी लावणाऱ्या दोन तज्ज्ञांत एका मिलिमीटरचा फरक पडणे काही दुर्मिळ नाही. आणि कोणत्या रुग्णाला कोणते औषध मिळाले हे माहीत असलेल्या डॉक्टरची पट्टी, नकळत का होईना, थोडी झुकू शकते.

याहून कठीण प्रश्न मधेच गळालेल्या रुग्णांचा आहे. झरी-जामणी किंवा उमरखेडच्या रुग्णाला नागपूरला तपासणीसाठी जायचे म्हणजे पूर्ण दिवस आणि बरोबरच्या माणसाची मजुरी जाते. मुंबईला जायचे तर आधी रेल्वेस्थानक गाठून गाडी पकडायची. पेरणीच्या दिवसांत हे जमत नाही, आणि प्रकृती ढासळली तर अजिबातच जमत नाही. अशा रुग्णांचे गणितात काय करायचे? कापलान आणि मायर यांनी १९५८ साली यासाठी जी रीत दिली ती आजही वापरतात. गळालेला रुग्ण शेवटच्या भेटीपर्यंत मोजायचा आणि पुढच्या भागाकारातून वगळायचा.

दहा काल्पनिक रुग्ण घेऊ. दुसऱ्या महिन्यात दोघांचा रोग वाढला. उरले ८, प्रमाण ०.८. चौथ्या महिन्याच्या तपासणीआधी तिघे येईनासे झाले. उरलेल्या पाचांपैकी एकाचा रोग चौथ्या महिन्यात वाढला, म्हणून ०.८ × ४/५ = ०.६४. सहाव्या महिन्यात चारांपैकी दोघांचा वाढला, ०.६४ × २/४ = ०.३२. प्रमाण निम्म्याखाली सहाव्या महिन्यात आले, म्हणून मध्यक ६ महिने.

आता समजा, ते तिघे आले नाहीत कारण त्यांचा रोग बळावला होता. मग चौथ्या महिन्यात आठांपैकी चौघांचा रोग वाढला असे होईल. ०.८ × ४/८ = ०.४, म्हणजे मध्यक ४ महिने. रुग्ण तेच, औषध तेच, पण सहाचे चार झाले! उलट ते तिघे ठणठणीत होते आणि सहाव्या महिन्यानंतरही तसेच राहिले असे धरले, तर मध्यक सहावरच राहतो, हे वाचकांनी स्वतः करून पाहावे. कापलान-मायर रीतीत दोष नाही. गळालेले रुग्ण उरलेल्यांसारखेच आहेत असे ती गृहीत धरते, आणि हे गृहीतक खरे आहे की नाही हे सूत्राला कळत नाही. ते चाचणी करणाऱ्याने शोधायचे असते. मृत्यूच्या तारखेच्या बाबतीत ही अडचण पुष्कळ कमी होते, कारण माणूस हयात आहे की नाही हे उमरखेडहून दूरध्वनीवरही कळू शकते.

एवढ्या उणिवा आहेत तर हा निकष वापरतात तरी का? कारणे रास्त आहेत. मृत्यूची वाट पाहायची तर चाचणी वर्षानुवर्षे चालते. रोग वाढल्यावर रुग्णाला दुसरी औषधे दिली जातात, त्यामुळे एकूण आयुष्यावर पहिल्या औषधाचा परिणाम किती हे वेगळे काढणे अवघड जाते. आणि रोग न वाढता गेलेले महिने वेदनेवाचून गेले असतील, तर त्यांची किंमत आहेच. आमचा आक्षेप मोजमापावर नाही. 'वाढ लांबली' या वाक्यावरून 'आयुष्य वाढले' असे वाक्य परस्पर तयार केले जाते, त्यावर आहे.

बेव्हासिझुमॅब या औषधाचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या ७२२ रुग्णांवरील अमेरिकी चाचणीत वाढविरहित काळाचा मध्यक ५.९ महिन्यांवरून ११.८ महिन्यांवर गेला. दुप्पट! एकूण आयुष्याचे मध्यक मात्र २५.२ आणि २६.७ महिने होते, आणि हा फरक योगायोगानेही पडू शकणारा होता. तरीही वाढविरहित काळाच्या आधारे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २००८ मध्ये या वापराला त्वरित मंजुरी दिली. पुढच्या चाचण्यांत वाढविरहित काळातला फरक बराच आक्रसला, आयुष्य वाढल्याचे दिसलेच नाही आणि रक्तदाब, रक्तस्राव यांसारखे त्रास उरले. नोव्हेंबर २०११ मध्ये स्तनकर्करोगापुरती ही मंजुरी काढून घेण्यात आली.

पण या विषयावरचा सर्वांत चांगला धडा आपल्या महाराष्ट्रातच तयार झाला आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक जुना प्रश्न घेतला. स्तनकर्करोग निदानाच्या वेळीच शरीरात इतरत्र पसरलेला असेल, तर स्तनातली मूळ गाठ काढून उपयोग होतो का? २००५ ते २०१३ या काळात, केमोथेरपीला प्रतिसाद दिलेल्या ३५० स्त्रियांची यादृच्छिक विभागणी केली. १७३ जणींवर शस्त्रक्रिया व गरजेनुसार किरणोपचार झाले, १७७ जणींवर नाही. निष्कर्ष २०१५ साली 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त आले.

या एकाच चाचणीत वाढ दोन तऱ्हांनी मोजली होती. स्तन व काखेच्या भागातली वाढ पाहिली तर शस्त्रक्रियेच्या गटात तिचा धोका सुमारे एक-षष्ठांश झाला. वा! पण गाठच काढून टाकल्यावर तिथे वाढायचे काय? या आकड्यात बराचसा वाटा व्याख्येचाच आहे. दूरच्या अवयवांतली वाढ पाहिली तर शस्त्रक्रियेच्या गटात धोका उलट १.४२ पट निघाला (विश्वासार्ह पट्टा १.०८ ते १.८५). मूळ गाठ काढल्यावर दूरच्या गाठींच्या वाढीला जोर येतो की काय, अशी शंका प्राण्यांवरील प्रयोगांमुळे आधीपासून होतीच. आणि एकूण आयुष्य? शस्त्रक्रियेच्या गटात मध्यक १९.२ महिने, दुसऱ्या गटात २०.५ महिने. दोन वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण ४१.९ आणि ४३.० टक्के. म्हणजे फरक नाही. कोणी पहिलाच आकडा छापला असता तर शस्त्रक्रिया विजयी ठरली असती, आणि दुसराच छापला असता तर घातक. या मंडळींनी आयुष्य हा मुख्य निकष आधीच ठरवून ठेवला होता, म्हणून त्यांच्या निबंधाला वजन आले.

या चाचणीवरही टीका झाली, आणि ती योग्य आहे. ती एकाच रुग्णालयातली होती. हर-२ प्रथिन जास्त असलेल्या बहुतेक स्त्रियांना त्यावरचे महागडे औषध मिळू शकले नव्हते. तुर्कस्तानातल्या एका चाचणीत पाच वर्षांनी शस्त्रक्रियेचा फायदा दिसला, पण तिच्यातले दोन्ही गट सुरुवातीपासून सारखे नव्हते. पुढे अमेरिकेतल्या चाचणीत दोन्ही गटांतल्या सुमारे ६८ टक्के स्त्रिया तीन वर्षांनी हयात होत्या, म्हणजे मुंबईच्या निष्कर्षाला दुजोराच मिळाला.

हा निकष उलट्या दिशेनेही फसवतो. डोके व मानेच्या कर्करोगावरील निव्होलुमॅबच्या ३६१ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत (२०१६) वाढविरहित काळाचा मध्यक २.० महिने होता, तर जुन्या औषधांनी २.३. एवढेच पाहिले असते तर औषध टाकून दिले असते. आयुष्याचा मध्यक मात्र ५.१ वरून ७.५ महिन्यांवर गेला होता. अशी औषधे शरीराच्या प्रतिकारशक्तीमार्फत काम करतात, त्यामुळे थोड्याच रुग्णांना पण दीर्घकाळ लाभ होतो, आणि तो मध्यकात दिसत नाही. विदर्भात तंबाखू आणि खर्ऱ्यामुळे तोंडाचा कर्करोग घरोघरी माहीत आहे, आणि या औषधाची पूर्ण मात्रा इथल्या सामान्य कुटुंबाला झेपणारी नाही. टाटा रुग्णालयाने नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या भागाहूनही कमी, म्हणजे दर तीन आठवड्यांनी २० मिलिग्रॅम, एवढेच औषध स्वस्त गोळ्यांच्या जोडीला देऊन १५१ रुग्णांवर चाचणी केली. तिचा मुख्य निकष एक वर्षाने किती रुग्ण हयात आहेत हा होता. नुसत्या गोळ्यांवर १६.३ टक्के, निव्होलुमॅबसह ४३.४ टक्के.