‘इंद्रियदमन’ आणि ‘धीर’ : ‘स्मृतिचित्रे’च्या संदर्भात

मराठी बायबलातील सद्गुणांच्या नामावळीत ‘इंद्रियदमन’ आणि ‘धीर’ हे दोन शब्द अभ्यासकाने विशेष लक्ष देऊन पाहावेत असे आहेत. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पहिला शब्द आत्म्याच्या फळांच्या यादीत अखेरीस येतो. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात संयमाच्या पाठोपाठ चिकाटीची पायरी सांगितली आहे. मूळ ग्रीक ‘एन्क्रातेइआ’ या शब्दात ‘क्रातोस’ म्हणजे सत्ता हे पद आहे. स्वतःवर सत्ता असणे हा त्याचा अर्थ. ‘हिपोमोने’ची फोड ‘खाली टिकून राहणे’ अशी होते. ओझ्याखालून न निसटणे हा तिचा भाव.

‘इंद्रियदमन’ हा शब्द मात्र योग्याच्या आणि तपस्व्याच्या परंपरेतून आलेला आहे. दमन म्हटले की झुंज आली, आणि झुंजीबरोबर विजेत्याचा अभिमानही आला. पौल तर यास फळ म्हणतो. फळ झाडास धरते, झाड ते जिंकून आणीत नाही. ‘धीर’ हा शब्द अधिक भाग्यवान ठरला. मराठीत धीर धरता येतो, सुटतो, खचतो, आणि मुख्य म्हणजे दुसऱ्यास देताही येतो. मूळ शब्दात नसलेली ही सामाजिक छटा मराठीने त्यास जोडली आहे.

या दोन शब्दांचा प्रत्यक्ष जीवनातील अर्थ पाहण्यास लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’सारखा दुसरा मराठी ग्रंथ नाही. नारायण वामन टिळकांनी 1895 साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी 1900 साली घेतला. मधल्या काळातील त्यांचा विरह आणि त्यानंतरचा संसार 1934 पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्रात आला आहे. येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. लक्ष्मीबाईंची सहनशीलता बाप्तिस्म्यापूर्वीचीच आहे. मग तीत ख्रिस्ती असे काय? परंपरेने स्त्रीवर लादलेल्या सोशिकपणासच नवे नाव मिळाले, असे कोणी म्हटल्यास त्यास उत्तर काय?

उत्तर ग्रंथातच आहे. पूर्वार्धातील सोसणे बहुतांशी निरुपायाचे आहे. वडिलांच्या अतिरेकी सोवळ्याचा जाच आणि टिळकांचे एकाएकी घर सोडून जाणे यांपैकी काहीच त्यांनी निवडलेले नव्हते. पुढे जातिभेद मानवनिर्मित आहे असा निर्णय त्या स्वतः विचार करून घेतात. पती ख्रिस्ती झाला म्हणून त्या लगोलग ख्रिस्ती झाल्या नाहीत, ही गोष्ट महत्त्वाची आहे. निरुपायाचे सोसणे आणि निर्णयाने टिकणे यांतील अंतर येथे स्पष्ट होते. ‘हिपोमोने’ हे नाव दुसऱ्यासच शोभते.

वऱ्हाडातील कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर. तेथून तिची पालखी आषाढीस पायी पंढरपुरास जाते. नरेंद्रापासून एकनाथांपर्यंत कवींनी गायिलेली ही विदर्भकन्या आपला निर्णय पत्राने कळविते आणि माहेर सोडते. तिच्या धैर्याचा कळस एका प्रसंगात होतो. लक्ष्मीबाईंनी विरहकाळातील काही दिवस पंढरपुरातच काढले. त्यांच्या धैर्यास मात्र असा एकच प्रसंग नाही. ते वर्षांत वाटले गेले आहे. आख्यानकाव्य पहिल्या धैर्याचे गुणगान करते. दुसऱ्यास आत्मचरित्राचेच गद्य हवे.

टिळकांविषयी ग्रंथ भाबडा नाही. त्यांचा तापट स्वभाव आणि हाती असेल ते देऊन टाकण्याची वृत्ती लेखिका लपवीत नाही. ध्येयावरील निष्ठा अढळ, पण रागावर ताबा अपुरा, असे हे चित्र आहे. चिकाटी आणि संयम हे दोन निराळे गुण आहेत, एक असला म्हणजे दुसरा असतोच असे नाही, हे त्यावरून दिसते. पेत्राच्या पत्रातील दोन स्वतंत्र पायऱ्यांचे मर्म यातून उकलते.

लेखिकेचा स्वतःचा संयम तिच्या निवेदनात दिसतो. दुःखाचा प्रसंग ती लहान वाक्यांत सांगते, तक्रार करण्याच्या ठिकाणी विनोद करते आणि त्या विनोदात स्वतःसही सोडीत नाही. काही समीक्षकांनी यास केवळ स्वभावाचा मोकळेपणा मानले आहे. ते अपुरे वाटते. ज्यास स्वतःवर सत्ता आहे त्यासच स्वतःच्या दुःखावर असे हसता येते.

1919 साली टिळक वारले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. शाळेत न शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी त्याची पुढील अध्यायरचना केली. त्यांच्या निधनानंतर 1938 साली ते महाकाव्य प्रसिद्ध झाले. ‘धीर’ या मराठी शब्दाचा याहून नेमका अर्थ कोशात सापडणे कठीण आहे.