पेटीतली पेटी

दिवाळीच्या फराळाबरोबर थोडा वाद हवाच. गेल्या पाडव्याला आमच्या घरी चिवड्याच्या ताटाभोवती जो वाद पेटला, तो माझ्या पुतण्याच्या संगणकावरून. माझे थोरले बंधू, म्हणजे आमचे दादा, ५० वर्षे पेटी वाजवीत असत. ते गेले आणि मागे राहिली ती ३९ पट्ट्यांची, भात्याला ठिगळे लावलेली पेटी. तिचे सूर उतरू लागले होते, तेव्हा दिवाळी झाली की ती दुरुस्तीला द्यायचे ठरले. त्याआधी पुतण्याने तिचे सूर ध्वनिमुद्रित केले आणि संगणकात त्यांची एक वाजती पेटी बांधली. अशी बांधणी करणाऱ्या साधनाला सॅम्पलर म्हणतात.

“काका, ऐकून सांगा, ही बाबांचीच पेटी आहे की नाही?” त्याने विचारले. मुलाने बापाविषयी विचारलेला प्रश्न तो! तोंडदेखली तारीफ करून सुटका करून घेणे मला बरे वाटेना.

कल्पना तशी जुनी आहे. १९६३ साली इंग्लंडात बर्मिंगहॅमला मेलोट्रॉन नावाचे वाद्य निघाले. त्याच्या प्रत्येक पट्टीखाली ध्वनिफितीचा एक तुकडा असे. पट्टी दाबली की बासरी किंवा व्हायोलिन वाजू लागे आणि सुमारे ८ सेकंदांत फीत संपे; मग बोट उचलल्यावाचून गत्यंतर नसे. १९७९ साली ऑस्ट्रेलियात, सिडनीला, फेअरलाइट नावाचे यंत्र तयार झाले. त्यात फितीची जागा अंकांनी घेतली. आज तेच काम घरच्या संगणकावर होते. मुद्रणांच्या शेजारी एक यादी ठेवावयाची: अमुक सूर या पट्टीपासून त्या पट्टीपर्यंत वाजावा, बोटाच्या एवढ्या जोरापासून तेवढ्या जोरापर्यंत वाजावा. एसएफझेड नावाच्या पद्धतीत तर ही यादी साध्या मजकुराची असते; पत्र लिहावे तशी ती लिहिता येते. मुद्रणाला चिकाटी लागते, यादीला कान लागतो. म्हणून माझे परीक्षण मुख्यतः या यादीचे आहे.

पहिला दोष काटकसरीचा. पुतण्याने सप्तकातल्या १२ पट्ट्यांपैकी २ पट्ट्याच मुद्रित केल्या होत्या आणि मधले सूर संगणकाकडून ताणून घेतले होते. मुद्रण जलद फिरवले की सूर चढतो हे खरे. पण त्याबरोबर सुरातले सारेच जलद होते. दादांच्या पेटीत एका पट्टीवर दोन सूर बोलत आणि ते केसभर वेगळे लागलेले असत. त्यातून आवाजात एक मंद लहर उठे. चढवलेल्या सुरात तीच लहर घाईने धावू लागली, उतरवलेल्या सुरात रेंगाळू लागली. ऐकणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण कोठे तरी बनाव आहे हे मनाला कळते.

दुसरा दोष मोठा. सॅम्पलरचे वळण बहुतेक पियानोचे असते: बोट जोरात पडले की आवाज मोठा. पियानोत हातोडी तारेवर आदळते, म्हणून तेथे ते शोभते. पेटीत बोट केवळ हवेला वाट करून देते. आवाज लहानमोठा करतो तो डावा हात, भाता. गाणाऱ्याचा दम संपत आला की दादा धरलेला सूर हलकेच मिटवीत आणि त्याने पुन्हा श्वास घेतला की तो फुलवीत. पुतण्याच्या पेटीत मात्र पट्टी दाबल्या क्षणीच सुराचे नशीब ठरून जाई. पेटीवाल्याचा डावा हातच यादीतून गळला होता!

मी हे बोललो तेव्हा पोर हिरमुसले. पण तुळशीच्या लग्नापर्यंत त्याने ३९ही पट्ट्या पुन्हा मुद्रित केल्या, प्रत्येकीचे सूर हलक्या, मध्यम आणि भरल्या भात्याचे. म्हणजे ११७ मुद्रणे. यादीतला बोटाचा जोर त्याने काढून टाकला. वाजवण्याच्या कीबोर्डाच्या डाव्या टोकाला एक लहान चाक असते, त्याला हे तीन थर त्याने बांधले. चाक फिरवले की एक थर दुसऱ्यात विरघळतो. डाव्या हाताला पुन्हा काम मिळाले. पट्टी उचलल्याचा बारीक ‘टक्’ आवाज त्याने खरखर समजून कापला होता, तोही मी परत मागून घेतला.

आता जाणकारांचा जुना आक्षेप येणारच: सुटे सूर म्हणजे गाणे नव्हे, मींड कोठे आहे? याच आक्षेपापायी १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीला दार बंद केले आणि ते १९७१ पर्यंत उघडले नाही. गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी त्याआधीच मैफलीत पेटीचा मान वाढवला होता, तरीही! सारंगीच्या बाबतीत मी हा आक्षेप शंभर टक्के मान्य करीन. तिचे सुटे सूर साठवले तर मुक्कामाची गावे हाती येतात, मधली वाट हरवते. आणि सारंगीचे सारे गाणे त्या वाटेवर असते. पेटीला मात्र ती वाट मुळातच नाही. मौज अशी की, ज्या उणिवेबद्दल ती हयातभर बोलणी खात आली, त्याच उणिवेमुळे सॅम्पलर तिला न्याय देऊ शकतो. अट एकच, तिचा भाता विसरता कामा नये.

पुतण्याला मी शेवटी उत्तर दिले, “पेटी बाबांचीच आहे रे. हात तुझा आहे. डावा अजून शिकायचाय.”

पुढे पेटी दुरुस्त होऊन आली. भाता नवा, सूर चोख लागलेले, आणि ती मंद लहर नाहीशी झालेली. कारागिराचा त्यात काही दोष नाही; त्याने आपले काम उत्तम केले. पण दादांची पेटी जशी बोलत असे, तशी ती आता त्या ११७ मुद्रणांत आणि त्यांच्या यादीतच बोलते. पाडव्याला मी गोड बोलून गप्प बसलो असतो, तर तेथेही ती बोलली नसती.