'योग्य' हा शेरा : इंजिन-तेलाच्या चाचणी-अहवालाची भाषा

मार्व्याहून फेरीबोटीने खाडी ओलांडली की मनोरीचा किनारा लागतो. येथील यांत्रिक मासेमारी नौकांची डिझेल इंजिने खाऱ्या हवेत आणि खाऱ्या पाण्याच्या शेजारी चालतात. पावसाळी बंदीच्या दिवसांत इंजिन उघडावे की आणखी एक हंगाम रेटावा, हा नाखव्यापुढील खर्चाचा प्रश्न असतो. भर समुद्रात इंजिन जाम झाले तर तो केवळ खर्चाचा राहत नाही. वापरलेल्या तेलाची प्रयोगशाळेतील चाचणी या निर्णयाला आधार देऊ शकते. मात्र अहवाल आकड्यांचा असला तरी अखेर तो भाषेत लिहिलेला मजकूर आहे, आणि त्याचे परीक्षणही त्याच दृष्टीने व्हावयास हवे.

पहिली अडचण 'अचूक' या शब्दाचीच आहे. दोन निराळे गुण तो एकाच पांघरुणाखाली झाकतो. मासळीबाजारातील काटा दर वेळी किलोमागे पन्नास ग्रॅम कमीच दाखवीत असेल, तर त्याच्या वजनांत एकसारखेपणा आहे, खरेपणा नाही. हिंदी पाठ्यपुस्तकांनी खरेपणासाठी 'यथार्थता' व एकसारखेपणासाठी 'परिशुद्धता' असे शब्द योजले आहेत. मराठी वाचकाला 'परिशुद्धता' म्हणताच शुद्धलेखन आठवावे, हे त्या शब्दाचे दुर्दैव. येथे घरचे शब्दच अधिक उपयोगी पडतात.

प्रमाणित चाचणी-पद्धतींत याविषयी दोन मर्यादा दिलेल्या असतात. एकाच तंत्रज्ञाने त्याच उपकरणावर तोच नमुना पुन्हा मोजला तर किती फरक क्षम्य मानावा, ही पहिली; दोन भिन्न प्रयोगशाळांत किती, ही दुसरी, आणि ती साहजिकच अधिक रुंद. पद्धत नीट पाळली असता फरक या मर्यादेबाहेर वीसांतून सुमारे एकदाच जावा, अशी ही आखणी असते. दोन प्रयोगशाळांचे आकडे दुसऱ्या मर्यादेच्या आत असतील, तर केवळ त्या फरकावरून एकीला चुकीची ठरविता येत नाही. ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या कागदावर या मर्यादा बहुधा नसतात. असते ते केवळ '१४.२', आणि दशांशचिन्हाचा दरारा.

याहून गंभीर दोष आकडा खरा असतानाही उद्भवतो. '१५डब्ल्यू-४०' वर्गाच्या नव्या तेलाची श्यानता १०० अंश सेल्सिअसला किमान १२.५ आणि १६.३ सेंटिस्टोकहून कमी असावी लागते. तेलात डिझेल उतरले की ती घटते; काजळी साचली किंवा तेलाचे ऑक्सिडीकरण झाले की वाढते. दोन्ही विकार एकदम जडले तर आकडा १४ च्या आसपास निवांत बसतो. प्रयोगशाळेचे मापन निर्दोष असते, 'योग्य' हा शेरा मात्र दिशाभूल करतो. धातूंच्या वर्णपटीय मापनाचेही असेच आहे. नित्याच्या पद्धतीत काही मायक्रॉनहून मोठे कण बहुतांशी निसटतात, आणि सुटलेल्या कपच्या 'धातू कमी' या नोंदीआड लपू शकतात. सोडियम वाढलेले दिसले तर मनोरीत समुद्राच्या पाण्याचा संशय प्रथम येईल. परंतु ते इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवातून किंवा तेलातील पूरक रसायनांतूनही येऊ शकते. न वापरलेल्या तेलाचा नमुना सोबत तपासल्यावाचून या नोंदीचा अर्थ लावणे धाडसाचे होय.

नकारार्थी वाक्यांची तपासणी तर अधिकच काटेकोर हवी. तेलाचा थेंब तापल्या पत्र्यावर टाकून तडतड ऐकण्याच्या साध्या चाचणीत हजारात एक भागाहून बरेच कमी असलेले पाणी सहज निसटते. 'पाणी नाही' हे तेलाविषयीचे विधान झाले; 'पाणी आढळले नाही' हे चाचणीविषयीचे. मधली चार अक्षरे गाळण्याचा अधिकार अहवाल लिहिणाऱ्याला नाही.

आणि हे सर्व नमुना नीट घेतला असेल तर. इंजिन गार पडल्यावर पाणी तळाशी बसते. तेव्हा वरून काढलेले तेल निर्दोष आणि तळाचे अतिदूषित दिसेल. नमुना इंजिन गरम असताना, तेल ढवळलेले असताना, स्वच्छ कोरड्या बाटलीत घ्यावयाचा असतो, आणि तेल व इंजिन किती तास चालले, मध्ये किती तेल भरले, हे चिठ्ठीवर लिहावयाचे असते. चिठ्ठी कोरी असेल तर अहवालातही तसे स्पष्ट म्हटलेले असावे.