सायफरचा गुन्हा नेमका कोणता?

‘द मॅट्रिक्स’ १९९९ साली आला. २००२ मध्ये विल्यम अर्विन यांनी संपादित केलेला ‘द मॅट्रिक्स अँड फिलॉसॉफी’ हा निबंधसंग्रह निघाला. प्लेटोची गुहा, देकार्तचा संशय हे सगळं तेव्हापासून या चित्रपटाला चिकटलंय. मला मात्र अडतं ते सायफरपाशी.

सायफर म्हणजे मॉर्फियसच्या जहाजावरचा फितूर. समोरचा स्टेक खोटा आहे हे माहीत असूनही त्याला मॅट्रिक्समध्ये परतायचंय, आणि मागचं काहीही आठवायला नकोय. इथे रॉबर्ट नॉझिक यांचं १९७४चं ‘अनुभवयंत्र’ हमखास आठवतं: हवं ते सुख भासवणाऱ्या यंत्राला तुम्ही जन्मभर जोडून घ्याल का? नॉझिक म्हणतात, नाही. म्हणजे सायफर चुकला.

पण नॉझिक यांच्या यंत्रात शिरताना कुणाचा जीव जात नाही. सायफर मॉर्फियसला विकतो, डोझरला ठार करतो, अपॉक आणि स्विच यांचे प्लग उपसतो. त्याने भास निवडला हा गुन्हा नव्हे. त्याची किंमत सोबत्यांकडून वसूल केली, हा गुन्हा.

त्याला खुनी केल्यामुळे अवघड प्रश्न टळला. कुणाचाही घात न करता एखादा थकलेला माणूस परत जातो म्हणाला असता, तर? दिवसभर राबून रात्री मोबाईलमध्ये डोकं खुपसणारे आपण याच माणसाच्या जवळचे आहोत. त्याला नुसतं भित्रा म्हणून भागणार नाही.