तिसऱ्या पिकाचे धनी कोण?

दारिद्र्याचे मोजमाप करण्याची हौस जगाला मोठी आहे. जागतिक बँकेने १९९० मध्ये दिवसाला एक डॉलर अशी रेषा आखली. २०२५ मध्ये ती तीन डॉलरवर नेली. अशा रेषेने गरीब किती हे कळते. ते गरीब का राहिले, हे कळत नाही. पी. साईनाथ यांचा १९९६ साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेला व मराठीत ‘दुष्काळ आवडे सर्वांना’ या नावाने आलेला ग्रंथ या दुसऱ्या प्रश्नाला भिडतो. म्हणूनच तो आजही वाचनीय ठरतो.

देशातील अतिशय गरीब जिल्ह्यांत हिंडून लिहिलेली ही वार्तापत्रे आहेत. पलामूचे लोक दुष्काळनिवारणाच्या निधीला ‘तिसरे पीक’ म्हणतात. खरीप व रब्बी शेतकऱ्याची. तिसरे पीक कापणारे हात वेगळेच असतात. ओडिशातील कोमना भागात संकरित गाईंच्या योजनेपायी स्थानिक खरियार वळूंचे खच्चीकरण झाले. दुधाचा पूर आला नाही, हाताशी होते ते वाण मात्र गेले. लाल कंधारी जपणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला या हानीचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये १९४३ च्या बंगाल दुष्काळाविषयी दाखविले होते, की धान्याच्या तुटवड्यापेक्षा ते मिळविण्याची ऐपत हरपल्याने माणसे मेली. साईनाथांनी हाच विचार गावच्या पायवाटेवर आणला. त्यांची भाषा उपरोधिक आहे. पण उपरोधाचा रोख गरिबावर कधीच नाही. हे या लेखनाचे मोठे बळ.

उणीवही सांगितली पाहिजे. वृत्तपत्रीय आटोपशीरपणामुळे माणसे भेटतात तोच दुरावतात. शिवाय ग्रंथातील जिल्ह्यांत मराठवाडा नाही. त्यामुळे ‘हे तिकडचे दुःख’ असे मानण्याची पळवाट वाचकाला सापडते. परभणी जिल्ह्यातून गोदावरी वाहते. जायकवाडीचा कालवा येतो. १९७२ च्या भीषण दुष्काळाच्या वर्षी स्थापन झालेले कृषी विद्यापीठही येथेच आहे. तरीही दिवाळीच्या सुमारास गंगाखेडकडील कित्येक कुटुंबे मुकादमाची उचल फेडण्यासाठी ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो! माणसाला हत्याराचे नाव देणारा हा हिशेब कोणत्याही दारिद्र्यरेषेत दिसत नाही.

वाचकहो, शीर्षकातील ‘सर्वांना’ हा शब्द सहज ओलांडून जाऊ नये. ठेकेदाराला दुष्काळ आवडतो, हे मान्य करणे सोपे आहे. पण टंचाईच्या वर्षी जुने कपडे व धान्य वाटून मन हलके करणारे आपणही त्या ‘सर्वांत’ येतो. दान थांबवावे असे मुळीच नाही; भुकेला आज घास हवाच. मात्र दानाबरोबर चौकशीही हवी: उचल किती, मजुरी किती, कोयत्यामागे गेलेल्या मुलाची शाळा कुठे? दयेला हे प्रश्न पडू लागले, की ती न्यायाच्या वाटेला लागते.