मुरलेली तार, झिजलेली तार

बास गिटारचा सेटअप नव्या तारांवर करावा की वापरातल्या, यावर दोन्ही बाजू तावातावाने भांडतात. आमच्या मते दोघेही ‘जुनी’ या एका शब्दात दोन गोष्टी कोंबतात. इथे कोल्हारात भजनाची वीणा ऐकणाऱ्यांना फरक लगेच कळेल: तार मुरते, आणि तार झिजते.

नव्या तारांवाल्यांचं म्हणणं बिनबुडाचं नाही. फ्रेटवर घासून तारेला खालून खाचा पडतात, घाम-मळ साचतो, वजन सगळीकडे सारखं राहत नाही. मग बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर आणि तिथलाच हार्मोनिक जुळत नाहीत. सॅडल कितीही सरकवा. अशा तारेवर सेटअप म्हणजे वाकड्या फूटपट्टीने मोजमाप.

पण म्हणून जुनं ते टाकाऊ? मोटाउनचा जेम्स जेमरसन १९६०च्या दशकात सपाट वेटोळ्याच्या तारा तुटेपर्यंत बदलत नसे. त्याचा तो गोल, भरीव नाद मुरलेल्या तारांचाच.

आपल्याकडे मिरजेचा तंबोरा घ्या. तार बदलली की जवारीचा दोरा पुन्हा सरकवावा लागतो. जी तार वाजणार, तिच्यावरच जवारी लागते. बासचंही तसंच.

तेव्हा आधी बारावा फ्रेट तपासा. सूर जुळला, तर आहे त्याच तारांवर सेटअप करा. नाहीच जुळला, तर नेहमीच्याच जातीच्या, जाडीच्या नव्या तारा घाला, ताणून स्थिर होऊ द्या, मग पाना हातात घ्या. सेटअप करून नंतर वेगळ्या जाडीच्या तारा चढवल्या, तर ताण बदलतो, मानेचा बाक बदलतो आणि केलेलं सगळं पाण्यात जातं.